‘पेशंट नॉन-कोऑपरेटिव्ह’ : म्हाताऱ्या माणसांच्या फाईलवर लिहिणाऱ्या डॉक्टरांना आणि सिस्टरांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत काम करणारे सर्व डॉक्टर, निवासी डॉक्टर आणि परिचारिका यांस,

सप्रेम नमस्कार.

माझ्यासमोर अडुसष्ट पानांची झेरॉक्स आहे. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये माझ्या वडिलांना, आमच्या आबांना, दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, त्या फाईलची. एकोणिसाव्या पानावर रात्री पावणेतीनची नोंद आहे: ‘पेशंट नॉन-कोऑपरेटिव्ह. अ‍ॅग्रेसिव्ह. कॅथेटर ओढून काढला. हात बांधले. डॉक्टरांना कळवले.’ खाली हॅलोपेरिडॉल या शांत करणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनची नोंद आणि सही.

रुग्णालयाचं नाव मी लिहिणार नाही. त्या वॉर्डात रात्री एका सिस्टरच्या वाट्याला किती बेड होते ते मला ठाऊक आहे, कारण आदल्या रात्री जागून जागून मी ते मोजले होते. अठ्ठावीस. तिच्यावर माझा राग नाही. मला बोलायचंय ते तिच्या नोंदीतल्या ‘नॉन-कोऑपरेटिव्ह’ आणि ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ या दोन शब्दांबद्दल, कारण त्यांतला दुसरा आबांच्या आधी पुढच्या दवाखान्यात पोचला आणि तिथे आबांची ओळख म्हणून वाचला गेला.

मी पुण्यात मेडिकल कोडर आहे. अकरा वर्षं झाली. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या फाईली, आम्ही त्यांना चार्ट म्हणतो, आमच्या स्क्रीनवर येतात. चार्ट वाचायचा, डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक निदानाला आयसीडी या आजारांच्या जागतिक यादीतला कोड लावायचा, पुढचा चार्ट उघडायचा. पुणे, मुंबई, नागपूर इथे हजारो मुलंमुली हे काम करतात. कुणी बीफार्म, कुणी बीएससी, कुणी फिजिओथेरपी तर कुणी नर्सिंग करून आलेलं. म्हणजे परक्या देशातल्या म्हाताऱ्यांच्या आजारपणाचे कागद आपल्याकडची मुलं दिवसरात्र वाचत असतात, आणि ते कागद कसे असावेत हे आम्हाला पक्कं माहीत असतं. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी शिकवतात: जे लिहिलेलं नाही, ते आमच्या लेखी घडलेलंच नाही. आम्ही अंदाज बांधू शकत नाही. सिस्टरने सविस्तर लिहिलं असलं तरी त्यावरून निदानाचा कोड लावता येत नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या शब्दांतच ते यावं लागतं.

डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, बाबतीत ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत आमचं काम सोपं होतं. तीन गट: मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे आलेला एफ०१, अल्झायमरसारख्या दुसऱ्या आजारातून आलेला एफ०२, कारण न लिहिलेला एफ०३. प्रत्येक गटात दोनच कोड, वर्तनात बिघाड आहे किंवा नाही. एकूण सहा. माणूस रात्रभर ओरडत असो, अंगावर धावून जात असो की घरातून निघून जात असो, डिमेन्शियाचा कोड एकच. बायकोवर चोरीचा आळ घेणाऱ्याला किंवा कशातच रस न उरता भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्याला तर त्या कोडांत स्वतःची जागाच नव्हती.

१ ऑक्टोबर २०२२ पासून आयसीडी-१०-सीएममध्ये, म्हणजे त्या यादीच्या अमेरिकी आवृत्तीत, त्या सहांचे बहात्तर झाले. आधी तीव्रता: सौम्य असेल तर ए, मध्यम बी, तीव्र सी, आणि डॉक्टरांनी लिहिलीच नसेल तर ‘न सांगितलेली’. मग वर्तन. येरझारा घालणं, दाराकडे धाव घेणं, शिवीगाळ, मारायला उठणं हे सगळं ११ मध्ये. झोपेचा बिघाड आणि सामाजिक किंवा लैंगिक संकोच सुटणं १८ मध्ये. भास, संशय, भ्रम यांना २. खिन्नता आणि उदासीनपणा यांना ३. चिंतेला ४. यातलं काहीच नसेल तर ०. भटकण्यासाठी झेड९१.८३ हा वेगळा कोड आधीसारखाच जोडायचा. म्हणजे मध्यम तीव्रतेचा, कारण न लिहिलेला डिमेन्शिया असलेला माणूस संध्याकाळ झाली की कडी काढून बाहेर पडू बघतो, एवढी गोष्ट एफ०३.बी११ या सहा खुणांत मावते. अल्झायमर असेल तर आधी जी३० लावायचा, मागून एफ०२. आणि तीव्रता कोडरने ठरवायची नाही हे नियमावलीत स्पष्ट लिहिलं आहे. ती डॉक्टरांची पारख.

सुरुवातीला आम्ही हैराण झालो. टार्गेट तेच आणि वाचायचं दुप्पट. पण काही महिन्यांत मी वाचत असलेले चार्ट बदलायला लागले. ‘डिमेन्शिया, स्टेबल’ अशी एक ओळ लिहिणारे डॉक्टर आता ‘मध्यम, दुपारी चारनंतर अस्वस्थ, मुलीला शोधत फिरते, मुलीशी फोनवर बोलल्यावर शांत’ असं लिहू लागले. तिथे काही कोडांचा रुग्णालयाला मिळणाऱ्या पैशावर परिणाम होतो, म्हणून हे झालं, हे मी लपवत नाही. पण कारण काहीही असो, त्या बाईची दुपार कागदावर आली. पुढच्या आठवड्यात बदलून आलेल्या डॉक्टरला ती दिसली. मला, सात समुद्रापलीकडे बसलेल्या बाईला, ती दिसली.

आणि माझ्या बापाची रात्र तेवढी कुणाला दिसली नाही.

आबा माळशिरस तालुक्यातले शेतकरी. ऊस, डाळिंब, थोडी ज्वारी. पाच वर्षांपूर्वी, एकाहत्तराव्या वर्षी, पुण्यात न्यूरॉलॉजिस्टनी अल्झायमरचं निदान केलं. स्वभावानं गरीब माणूस. बैलालासुद्धा चाबूक न लावलेला. आजार वाढला तसं एक सुरू झालं: रात्री उठून ‘दारं धरायला’ निघायचं. ज्यांना शेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पाटाचं किंवा मोटारीचं पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला खोऱ्यानं मातीचा बांध फोडायचा आणि आधीचा बुजवायचा, याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. शेतीपंपांना लाईट कित्येकदा रात्रीचीच, त्यामुळे आबांनी उभा जन्म रात्री बॅटरी घेऊन, चिखलात पाय रोवून हे काम केलं. आता शेत भावाकडे आहे, ठिबक आहे, वळवायला सरी नाही. पण दोन वाजले की आबा जागे होतात, कारण त्यांच्या मते पाणी फुटत असतं.

घरी आईला सवय झाली होती. ती म्हणायची, ‘धाकट्यानं धरलीत दारं, झोपा तुम्ही.’ की ते झोपायचे.

त्या ऑगस्टमध्ये त्यांना ताप आला आणि लघवी अडकली. जिल्ह्याच्या गावी दाखल केलं, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला. पहिल्या रात्री दोनच्या सुमाराला ते उठून बसले, कठड्यावरून पाय टाकायला लागले. ‘सोडा मला. मोटार चालू हाय. चारी फुटंल.’ मी समजावत होते, ‘आबा, आपण दवाखान्यात आहोत.’ त्यांना ते कळत नव्हतं. ते घाबरले, आवाज चढला. तेवढ्यात ड्यूटीवरची सिस्टर आली. मंगळवेढ्याकडची मुलगी, तेविसेक वर्षांची. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘आजोबा, लाईट गेलीया. डीपी जळालाय.’

आबा थांबले. ‘जळाला व्हय?’

‘व्हय. वायरमन उद्या सकाळी येणाराय.’

‘मग आता काय करता,’ म्हणून ते आडवे झाले. उजाडेपर्यंत हलले नाहीत.

डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला की माळशिरसपासून मंगळवेढ्यापर्यंत कुणालाच काही करता येत नाही, हे त्या मुलीला माहीत होतं. पुस्तकात हे औषध नाही. याला कुणी रुग्णाशी खोटं बोलणं म्हणेल. मला तसं वाटत नाही. ती आबांच्या शेतात जाऊन त्यांच्याशी बोलली. पण फाईलमध्ये त्या रात्रीची नोंद, पान बारा, अशी आहे: ‘पेशंट रेस्टलेस. रीअश्युअर्ड. स्लेप्ट वेल.’

दुसऱ्या रात्री ती सुट्टीवर होती. मीही नव्हते, माझा चुलतभाऊ होता आणि तो बाहेरच्या बाकावर झोपला होता. आबा उठले. आलेल्या सिस्टरला काय करायचं ते कुठून कळणार? पान बारावर कुठे लिहिलं होतं? तिनं त्यांना धरून ठेवायचा प्रयत्न केला, आबांनी हात झटकला, नळी ओढली, रक्त आलं. मग बँडेजची पट्टी, कठडा, इंजेक्शन. आणि पान एकोणीस.

कालच्या नोंदीत ‘रात्री दोनला शेतात पाणी धरायला जायचं म्हणून उठतात; लाईट गेली सांगितल्यावर झोपतात’ एवढं एक वाक्य असतं, तर ही दुसरी रात्र वेगळी गेली असती असं मी छातीठोक सांगत नाही. पण तिला करून बघायला काहीतरी असतं.

पुढची गोष्ट याहून वाईट. तिसऱ्या दिवशी आबांना पुण्याला हलवलं. सोबतच्या पत्रात निदान: ‘के/सी/ओ सिनाइल डिमेन्शिया विथ अ‍ॅग्रेसिव्ह बिहेवियर.’ के/सी/ओ म्हणजे आधीपासून माहीत असलेला रोगी. पुण्यातल्या डॉक्टरांनी वाचलं आणि त्यांना वाटलं की हा माणूस वर्षानुवर्षं असाच आहे. झोपेचा डोस वाढला. आबा दोन दिवस डोळे उघडेनात. उघडले की हवेत काहीतरी वेचायचे, अंथरुणातून काटे काढल्यासारखे. आईला ओळखेनात. तेव्हा राउंडला आलेल्या एका वयस्कर फिजिशियननी मला कोपऱ्यात घेऊन एकच विचारलं, ‘हे असे कधीपासून आहेत?’

‘चार दिवसांपासून,’ मी म्हणाले.

‘आणि घरी?’

‘घरी कधी कुणावर हात उगारला नाही त्यांनी.’

त्यांनी फाईल मिटली आणि म्हणाले, मग हा नुसता डिमेन्शिया नाही, डिमेन्शियावर आलेला डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक उद्भवलेला मनाचा गोंधळ, आहे. लघवीचा कल्चर रिपोर्ट मागवला, अँटिबायोटिक बदललं, झोपेची इंजेक्शनं थांबवली, नळी काढली, चष्मा आणि कानातलं मशीन परत लावलं. पाचव्या दिवशी आबांनी चहा मागितला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये यासाठी वेगळा कोड आहे, एफ०५.१, डिमेन्शियावर आलेला डिलिरियम. मी तो अकरा वर्षं ओळखते. त्या चार दिवसांत माझ्या तोंडून तो शब्द निघाला नाही, कारण मी मुलगी होऊन बसले होते. आणि फाईलमध्ये निघाला नाही, कारण अठरा पानांत कुठेही ‘कधीपासून’ या शब्दाचं उत्तर नव्हतं. दिवसा एक आणि रात्री एक, तासातासाला बदलणारं, तीन दिवसांत आलेलं वागणं डिलिरियमकडे बोट दाखवतं. महिन्यामहिन्यांनी चढत गेलेलं वागणं डिमेन्शियाकडे. मागे लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, दुखणं, नवं औषध, काहीही असू शकतं. तुम्हाला हे शिकवायची माझी पात्रता नाही, तुम्ही ते परीक्षेला लिहून आला आहात. मी एवढंच सांगते की ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ हा शब्द लिहिला की पुढचा वाचणारा शोधायचं थांबतो.

माझ्या कामात अशा शब्दावर आम्ही क्वेरी टाकतो. डॉक्टरांना लेखी विचारतो: चार्टमध्ये रुग्णाच्या वागण्याच्या या नोंदी आहेत, त्यामागचं निदान स्पष्ट कराल का? तीसुद्धा उत्तर सुचवून विचारायची नाही. पर्याय द्यायचे, आणि त्यांत ‘इतर’ व ‘सांगता येत नाही’ हे दोन ठेवायचेच. आबांच्या फाईलवर अशी क्वेरी टाकणारं कुणी नव्हतं. आपल्याकडच्या बहुतेक फाईलींवर नसतं. विम्याच्या क्लेम फॉर्मच्या भाग ‘ब’मध्ये आयसीडी-१० कोडची चौकट आहे, आबांच्या फॉर्मवर त्यात ‘एफ०३’ भरलेलं होतं, कारण न लिहिलेला डिमेन्शिया. न्यूरॉलॉजिस्टचा कागद, ज्यावर अल्झायमर स्वच्छ लिहिलं होतं, त्याच फाईलला टाचलेला होता. तो कुणी उलटून वाचला असता तर, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीप्रमाणे, एफ००.१ आणि जी३०.१ आलं असतं. मी विम्याच्या भानगडीत इथे शिरत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २१ नुसार मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमा द्यायचा आहे, आणि कलम ३ म्हणतं की मानसिक आजार ठरवताना आयसीडीसारखे मान्य निकष वापरायचे. म्हणजे या चौकटीत काय लिहिलं जातं त्याला कायद्यातही अर्थ आहे, एवढं नोंदवून पुढे जाते.

हात बांधण्याबद्दल मात्र थांबायला हवं. त्याच कायद्याचं कलम ९७ मानसिक आरोग्य आस्थापनांना सांगतं की तत्काळ इजा टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, आणि मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीनं, शारीरिक बंधन घालता येईल. पद्धत, कारण आणि किती वेळ हे लगेच नोंदवायचं. निव्वळ माणसं कमी आहेत म्हणून बांधायचं नाही. नेमलेल्या प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवायचं. आबा होते ते जनरल वॉर्डमध्ये. ते कलम तिथे लागतं की नाही यावर मी वाद घालत नाही. पण पान एकोणीसवर हात बांधल्याची वेळ आहे आणि सोडल्याची नाही. सकाळी सहाला चुलतभाऊ आत गेला तेव्हा पट्टी तशीच होती. मनगटावरचा वळ दिवाळीपर्यंत दिसत होता.

इंजेक्शनचंही तसंच. डिमेन्शिया झालेल्या वृद्धांना वर्तनासाठी अँटिसायकोटिक, म्हणजे मनोविकृतीवरची, औषधं देण्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, २००५ मध्ये सर्वांत कडक इशारा दिला. सतरा चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा साधारण दहा आठवड्यांच्या काळात औषध मिळालेल्यांपैकी सुमारे ४.५ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी सुमारे २.६ टक्के माणसं दगावली होती. २००८ मध्ये तो इशारा हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही लागू केला. कधी कधी ही औषधं द्यावीच लागतात, हे मला कळतं. द्यायची तर कुठल्या लक्षणासाठी, किती दिवस आणि पुन्हा कधी बघायचं हे शेजारी लिहिलेलं असावं. आबांच्या डिस्चार्ज कार्डावर ते औषध ‘चालू ठेवा’ म्हणून आलं होतं. कशासाठी, ते नव्हतं. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं नसतं तर आई ते अजून देत राहिली असती.

या आजाराची पहिली फाईल कशी होती, ते मला तुम्हाला सांगायचंय. नोव्हेंबर १९०१. फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात एक्कावन वर्षांची आउगुस्टे नावाची बाई दाखल झाली. नवऱ्याचा मत्सर, वस्तू लपवणं, अंथरूण ओढत फिरणं, आरडाओरडा. आजच्या भाषेत सगळं ‘वर्तन’. अलोइस अल्झायमर तिच्याजवळ बसले आणि त्यांनी प्रश्न आणि उत्तरं जशीच्या तशी उतरवली. नाव काय? आउगुस्टे. आडनाव? आउगुस्टे. नवऱ्याचं नाव? आउगुस्टे, असं वाटतं. जेवणात तिच्या ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं; काय खाता आहात विचारल्यावर ती म्हणाली, पालक. हेही लिहिलं आहे. ती १९०६ साली गेली, फाईल हरवली आणि १९९५ मध्ये फ्रँकफुर्टमध्येच पुन्हा सापडली. नव्वद वर्षांनंतर डॉक्टरांना ती बाई समोर बसल्यासारखी दिसली, कारण एका माणसानं ‘नॉन-कोऑपरेटिव्ह’ न लिहिता ‘पालक’ लिहिलं होतं. मी ती कोड करू शकले असते. कमी वयात आलेला अल्झायमर म्हणून जी३०.०, आणि त्यामागे वर्तनाचे एकाहून जास्त कोड, कुणालाही क्वेरी न टाकता.

आपल्या मराठी शब्दानंही थोडा घोटाळा केला आहे असं मला वाटतं. स्मृतिभ्रंश. त्यात फक्त स्मृती आहे. विसरणं हा आजार आणि बाकीचा हट्ट, संशय, रात्रीचं उठणं हा म्हातारचळ, असं घरीदारी धरलं जातं. सून म्हणते, ‘विसरतात ते ठीक आहे हो, पण मला चोर म्हणतात.’ तिला कुणी कागदावर लिहून दिलं की हा संशयही त्याच आजाराचा भाग आहे, त्याला जागतिक यादीत स्वतःचं घर आहे, तर ती बाई जरा मोकळा श्वास घेईल. आयसीडी-११ मध्ये तर हे फार नीट मांडलंय. मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं ती स्वीकारली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू आहे. तिथे ६डी८६ या एका कोडाखाली मनोविकृतीची लक्षणं, भावनांचा बिघाड, चिंता, उदासीनपणा, क्षोभ किंवा आक्रमकपणा, संकोच सुटणं आणि भटकणं अशी सात वेगवेगळी घरं आहेत. मूळ डिमेन्शियाच्या कोडाला ती जोडायची. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार देशात साठीपुढच्या माणसांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. त्यातली किती रात्री उठतात, किती संशय घेतात, किती नुसतीच गप्प बसतात, हे आपल्या फाईलींतून काढायला गेलं तर काही हाती लागायचं नाही.

म्हणून माझी विनंती. कोड पाठ करा असं मी म्हणत नाही, ते आमच्यासारख्यांचं काम आहे. तुम्ही फक्त जे बघता ते लिहा. ‘अ‍ॅग्रेसिव्ह’च्या जागी काय केलं ते: हात झटकला, थुंकले, शिवी दिली, नुसतं मोठ्यानं बोलले. या चार वेगळ्या गोष्टी आहेत. किती वाजता. त्याआधी काय चाललं होतं: डायपर बदलत होते की सुई टोचत होते. कधीपासून, आणि हे घरच्यांना विचारून. कशानं शांत झाले. आणि तीव्रता, जी फक्त डॉक्टरच लिहू शकतात. ती लिहिताना तारीख-वार विचारून थांबू नका. आबांना इंग्रजी महिना बरं असतानाही धड येत नव्हता. पण मृग निघाला की आर्द्रा लागल्या, वाहन बेडूक की म्हैस, हे ते झोपेत सांगायचे. शर्टाची गुंडी लावता येते का, ताटातलं स्वतः खातात का, संडासची जागा सापडते का, हे विचारलं तर आजार कुठवर आलाय ते कळतं.

सिस्टरांना मला वेगळं सांगायचंय. अमेरिकेच्या नियमात तुमच्या नोंदीवरून मी निदानाचा कोड लावू शकत नाही, पण तुमची नोंद वाचूनच डॉक्टरांना क्वेरी टाकते. रात्री दोनला रुग्णाजवळ तुम्हीच असता. तुमच्या मंगळवेढ्याच्या मैत्रिणीनं जे केलं, तसं काहीतरी तुमच्यापैकी प्रत्येकीनं कुठल्या ना कुठल्या आजोबांसाठी केलेलं असणार. ते ‘रीअश्युअर्ड’ या शब्दात बुडवू नका. मराठीत लिहा. जसं बोललात तसंच लिहा. त्यात कमीपणा नाही.

वेळ नाही, हे मला माहीत आहे. अठ्ठावीस बेड मी मोजलेत. पण पान एकोणीसवर पाच वाक्यं आहेतच. तेवढ्याच शाईत दुसरी पाच मावली असती.

पुढच्या महिन्यात आबांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. पुन्हा दाखल करायचं आहे, पुन्हा सलाईन, पुन्हा रात्री. मी एक पान लिहून ठेवलंय, लॅमिनेट न करता, फाईलला टाचता येईल असं. त्यावर लिहिलंय:

‘अल्झायमर, पाच वर्षं. मध्यम, असं न्यूरॉलॉजिस्टनी मे महिन्यात लिहिलंय. स्वतः जेवतात, आंघोळीला मदत लागते. उजव्या कानात मशीन असल्याशिवाय बोललेलं कळत नाही, मग चिडल्यासारखे वाटतात. रात्री दीड ते तीनमध्ये शेतात पाणी द्यायला जायचं म्हणून उठतात. हे दोन वर्षांहून जास्त काळ, रोज नाही. धरून ठेवू नये. लाईट गेली, डीपी जळालाय असं सांगावं. घरी कधी कुणाला मारलेलं नाही. मारायला उठले किंवा हवेत काही वेचायला लागले तर ते नवीन आहे. लघवी, पोट, ताप बघावा आणि मला कोणत्याही वेळी फोन करावा.’

दाखल करताना हे पान मी काउंटरवर देईन. ‘असले कागद आम्ही लावत नाही’ असं म्हणून ते परत करू नका. ते फाईलच्या पहिल्या पानावर टाचा, आणि रात्रीच्या सिस्टरला ड्यूटी देताना वाचून दाखवा.

कळावे,

आपली,
एक मेडिकल कोडर, पुणे
मूळ गाव माळशिरस तालुका